कीबोर्ड सुटा होणारा टॅब घेऊ की हलका लॅपटॉप? (काम मराठी टायपिंगचं, बसायला टेबल नाही)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कराडला असते आणि घरून अनुवादाचं काम करते, इंग्रजीवरून मराठी. पुस्तकं कमी, माहितीपत्रकं, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, मधूनच एखादी वेबसाइट असलं जास्त. दिवाळीपासून वडिलांच्या उपचारांसाठी दर पंधरा दिवसांनी पुण्याला जावं लागतंय. पहाटे निघायचं, तिथे चार-पाच तास बाहेर बसायचं आणि रात्री परत, कधी मुक्काम. ते चार-पाच तास भिंतीकडे बघत काढणं जिवावर येतं आणि इकडे डेडलाइन काही थांबत नाहीत. लॅपटॉप आहे, २०१९ चा, १५.६ इंची, वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितला (खरंच) तर २ किलो २०० ग्रॅम, वर चार्जर वेगळा. बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते आणि तिथल्या सगळ्या प्लगांवर लोकांचे मोबाइल लटकलेले असतात, त्यामुळे हे धूड खांद्यावरून नेते आणि तसंच परत आणते. दोन महिन्यांत खांदा धरलाय.

नणंदेचा मुलगा म्हणतो मामी टॅब घे, कीबोर्ड खाली चिकटतो, नको तेव्हा काढून टाकायचा, पुस्तकासारखा वाचायचा. ऐकायला झकास वाटतं. नवरा म्हणतो लॅपटॉप तो लॅपटॉप, त्या खेळण्यावर पैसे घालू नकोस. मी दोघांच्या मध्ये. बजेट ४५ पर्यंत, फारच पटलं तर ५० होतील, त्याच्या पुढे एक रुपया नाही.

काम मुख्यतः वर्डमध्ये, ट्रॅक चेंजेस (केलेले बदल दाखवणारी सोय) लागतात, आणि एक एजन्सी आहे ती कॅट टूलमध्येच काम देते (अनुवादाला मदत करणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालणारं, डाउनलोड करून बसवायचं असतं ते). टायपिंग इनस्क्रिप्टने (मराठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट), न बघता. बाकी गेम वगैरे काही नाही. ज्यांनी असला टॅब खरोखर वापरलाय त्यांनी सांगा, यूट्यूबवर सगळे टेबलावर ठेवून फुलदाणीशेजारी दाखवतात, माझ्याकडे टेबलही नाही आणि फुलदाणीही नाही.

---

घाटपायथा

ताई, मी चार वर्षं विंडोजवाला १२.३ इंची वापरला, ऑफिसने दिलेला, त्यामुळे पैशाचं दुःख न होता बोलतो :)

आधी चांगलं सांगतो. बंद करून पिशवीत टाकला की वहीसारखा. टॅब पाऊण किलोच्या थोडा वर आणि कीबोर्ड तीनशे ग्रॅम, म्हणजे तुमच्या धुडाच्या निम्मा. पंखा नसलेलं मॉडेल होतं त्यामुळे रात्री शेजारी कोणी झोपलेलं असलं तरी घरघर नाही. टाइप सी वाला असेल तर बरी पॉवर बँक घेतलीत की प्लगसाठी भांडायची गरज नाही, फक्त मोबाइलची साधी १० वॉटवाली नको, ती लावली तर चार्ज होण्याऐवजी जेमतेम जागच्या जागी राहतो.

आणि सगळ्यात मोठा फायदा जो कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसतो. साताऱ्याला मावसभावाच्या लग्नात माझ्या कीबोर्डवर अख्खा कप चहा गेला, दूध-साखर सगळ्यासकट. लॅपटॉप असता तर मदरबोर्डची समाधी बांधावी लागली असती. इथे कीबोर्ड मेला, टॅब ढिम्म. नवीन कीबोर्ड आणला, विषय संपला.

आता मांडीचं. या टॅबला मागे एक पाय असतो, तो उघडला आणि पुढे कीबोर्ड पसरला की पुढून मागे मिळून सव्वा फूट जागा लागते. माझी उंची पावणेसहा फूट आहे, माझ्या मांडीवर कसंबसं बसायचं, पाय गुडघ्याच्या टोकाला टेकलेला. तुमची उंची माहीत नाही, पण आमच्या सौ. पाच फूट एक इंच आहेत, त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि पाय गुडघ्यावरून घसरून टॅब थेट समोरच्या आजोबांच्या पायावर. वजन सगळं स्क्रीनमध्ये असतं ना, बॅटरी, बोर्ड सगळं त्या पाटीच्या मागे, कीबोर्ड म्हणजे नुसता पापड, त्यामुळे तोल मागे जातो. लॅपटॉपचं उलटं, जड भाग खाली. एसटीत तर विसराच, खंबाटकीच्या वळणांना मी दोन्ही हातांनी टॅब धरून बसायचो, मग टाइप काय पायाने करणार?

टेबल असेल तर राजा. टेबल नसेल तर विचार करा.

---

निवांत_नाना

एक ना धड भाराभर चिंध्या. नवरा बरोबर बोलतोय (असं मी फार कमी वेळा लिहितो).

मी २०१५ च्या सुमारास असलंच एक घेतलं होतं, दहा इंची, खाली कीबोर्ड लागायचा, १५ हजारांच्या आत विंडोज मिळतंय म्हणून आम्ही पेन्शनर खूश. कंपनीचं नाव घेत नाही. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा, त्यातली निम्मी आधीच विंडोजने गिळलेली. पुढचा मोठा अपडेट यायचा तो म्हणायचा जागा नाही, मी फोटो काढून टाकायचो, तो म्हणायचा अजून जागा नाही, शेवटी त्यात माझं म्हणावं असं काहीच उरलं नाही तरी जागा नाहीच. वर कीबोर्डच्या कळा इतक्या बारीक की ल दाबावा तर शेजारचा स उमटायचा. नातवाने त्याचा पाट केला, वरण-भाताचा.

आणि हल्ली कीबोर्ड बॉक्समध्ये देतच नाहीत बऱ्याच कंपन्या. जाहिरातीतल्या फोटोत लावलेला दाखवतात आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'वेगळा घ्यावा'. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

---

घाटपायथा

नाना, २०१५ चं आजला लावू नका हो. पण कळांचं बरोबर आहे. नॉर्मल कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. दहा इंची टॅबच्या रुंदीत सगळ्या कळा कोंबायच्या म्हटल्यावर कुठेतरी मारून मुटकून बसवणार, सहसा उजव्या बाजूच्या कळा अर्ध्या करतात. ताई, तुम्ही इनस्क्रिप्टवाल्या, उजव्या बाजूला तुमची बहुतेक व्यंजनं! ड, च, ट तिकडेच. ११ इंचाच्या खाली बघूच नका.

---

चलनभरणा

इचलकरंजीत टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतो, एक वेगळाच खड्डा दाखवतो कारण आम्ही त्यात पडलोय.

हल्ली जे भारी हलके विंडोज टॅब येतायत त्यातले बरेच स्नॅपड्रॅगनवर आहेत, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम जातीच्या प्रोसेसरवर. २०२४ पासून तर जोरात. बॅटरी जबरदस्त, गरम होत नाही, खोटं बोलणार नाही. पण सगळी जुनी सॉफ्टवेअर त्यावर अनुवाद करून चालवली जातात (तुमच्याच धंद्यातला शब्द), बरीचशी नीट चालतात, काही रखडतात. आणि ड्रायव्हर (प्रिंटर, डोंगल वगैरे जोडणारं सॉफ्टवेअर) मात्र असे चालवता येत नाहीत, ते कंपनीने एआरएमसाठी वेगळे दिले असतील तरच. आमच्या साहेबांनी हौसेने घेतला, पहिल्याच दिवशी डिजिटल सहीचं डोंगल खुपसलं, तर ओळखच दाखवेना. जुन्या प्रिंटरचं तेच. आता साहेब त्यावर क्रिकेट बघतात आणि रिटर्न माझ्या खटारा डेस्कटॉपवरून जातात.

याच्या आधीही एकदा हे होऊन गेलंय. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये पहिला सरफेस टॅब आणला त्यात विंडोज आरटी होतं, दिसायला विंडोज, पण तुमची जुनी डाउनलोड केलेली सॉफ्टवेअर त्यावर बसायचीच नाहीत. आता तेवढं वाईट नाही. पण तुमचं कॅट टूल, ते लायसन्स कसं तपासतं, त्याला यूएसबीचं कुलूप आहे का, हे एजन्सीला फोन करून विचारा, दुकानदाराला नको. दुकानदार "सब चलता है मॅडम" म्हणणार.

अजून एक. ५० च्या आत विंडोजवाला चांगला टॅब नवा मिळणं कठीण, त्यामुळे जुन्या बाजाराकडे जाल. तिथे २०१७ चे सरफेस प्रो स्वस्तात दिसतात, भुलू नका. त्यात सातव्या पिढीचा इंटेल आहे, विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीपासून पुढचंच बघा. आणि असल्या टॅबची बॅटरी चिकटवलेली असते, स्क्रीन उपटल्याशिवाय हात जात नाही, म्हणजे सहा-सात वर्षं जुना घेतलात आणि बॅटरी गेली की गल्लीतला माणूस हात लावत नाही.

---

कृष्णाकाठची

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

घाटपायथा, माझी उंची पाच फूट. समजून घ्या :(

एजन्सीला विचारलं. कॅट टूल साध्या इंटेल किंवा एएमडी विंडोजवरच घ्या म्हणाले, बाकीची जबाबदारी आमची नाही. म्हणजे ते काम घरीच, लॅपटॉपवर. तसंही ते महिन्यातून चार-पाच दिवसच असतं. मग प्रवासात अँड्रॉइड टॅब आणि त्याचा चिकटणारा कीबोर्ड चालेल का? भाच्याकडे आहे तो ११ इंचाच्या आसपासचा, दिसतो छान. वर्ड त्यावर चालतं असं तो म्हणतो.

---

टंकयंत्र

इथे मला बोलायलाच हवं. मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० (मिनिटाला शब्द) दोन्ही परीक्षा मशीनवर दिलेल्या, तेव्हा संगणकावरची जीसीसी-टीबीसी ही टायपिंग परीक्षा यायची होती. नंतर टाइपरायटरचा रेमिंग्टन लेआउट सोडून इनस्क्रिप्टवर आले, शिकायला दोन महिने रडले, आता दुसरं काही नको वाटतं.

ताई, टॅबचं रॅम किती, स्क्रीन कसली हे सगळं मागाहून. तुमचा पहिला प्रश्न हा की कीबोर्ड जोडल्यावर मराठी कशी उमटते. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर मराठी दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण खरा कीबोर्ड जोडला की स्क्रीनवरचा गायब होतो आणि त्याच्याबरोबर त्याची मराठीही जाते. माझ्या टॅबवर पहिल्या दिवशी हेच झालं, कितीही बडवलं तरी इंग्रजीच. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी वेगळा लेआउट निवडावा लागतो, सेटिंगमध्ये 'फिजिकल कीबोर्ड' म्हणून असतं तिथे जाऊन, आणि तिथे आपल्याला हवा तो नसला तर लेआउट पुरवणारं अॅप टाकायचं. मी टाकलं. सगळं आलं, स्वर आले, मात्रा आल्या, आणि मग पहिलाच शब्द लिहायचा होता 'अक्षर'.

इनस्क्रिप्टमध्ये क्ष ला एक कळ आहे, शिफ्ट आणि ७. त्र शिफ्ट ६, ज्ञ शिफ्ट ५, श्र शिफ्ट ८. विंडोजवर एका फटक्यात येतं. माझ्या त्या अॅपमध्ये या चारही कळा मुक्या, कारण क्ष म्हणजे आतून तीन अक्षरं असतात, क, हलन्त आणि ष, आणि त्या लेआउटला एका कळेवर एकच अक्षर ठेवता येत होतं. म्हणजे के, मग डी, मग शिफ्ट आणि कॉमा. दर क्ष ला तीन फटके. तुम्ही म्हणाल एवढं काय, पण प्रशिक्षण, शिक्षक, लक्ष, अपेक्षा, तुमच्या त्या पुस्तिका नुसत्या क्ष ने भरलेल्या असणार, बोटं न बघता चालतात तेव्हा असा एक खडा लागला की सगळी लय जाते.

दुसरं, ऱ्य. दऱ्या, सुऱ्या, येणाऱ्या, जाणाऱ्या. त्यासाठी शिफ्ट जे वर ऱ लागतो, साधा र घेतला की दऱ्याचा दर्या होतो आणि कोकणातला माणूस खूश होतो. हे दुकानात टाइप करून बघा, डेमो टॅबवर. मी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य टाइप करते: "डोंगरदऱ्यांतल्या शिक्षकांनी ज्ञानाचा वृक्ष ऑक्टोबरात लावला." अर्थ विचारू नका. हे नीट उमटलं तर पुढे बोलायचं.

विंडोजवर यातलं काहीच करावं लागत नाही, इनस्क्रिप्ट आहेच आणि २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिकही आतच मिळतो.

वर्डचं पण सांगते, फुकटात एडिट करायला मिळतं ते १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर. त्यापेक्षा मोठा टॅब घेतलात की मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्गणीवालं लायसन्स लागतं. घाटपायथांनी ११ च्या खाली नको म्हटलं आणि वर्ड म्हणतं १०.१ च्या वर फुकट नाही, घ्या. ट्रॅक चेंजेस मोबाइल वर्डमध्ये आहेत पण मॅक्रो (एका फटक्यात ठरलेल्या दुरुस्त्या करणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत, मी शुद्धलेखनाचे दोन-तीन मॅक्रो करून ठेवलेत ते तिथे मेले.

---

निवांत_नाना

दर्यावर हसलो. आमच्या मालवणी सूनबाईंना वाचून दाखवलं.

---

बोरू

मी जरा उलट्या बाजूने. टॅबशिवाय माझं पान हलत नाही, पण कीबोर्डसाठी नाही.

माझं काम जुन्या मोडी कागदांचं, स्कॅन आले की वाचायचे आणि देवनागरीत उतरवायचे. स्क्रीन उभा धरायचा, पेनाने ओळ ओळ खूण करत जायचं, जिथे अडलं तिथे लाल गोल. हे लॅपटॉपवर करून बघा, मान मोडते. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे स्क्रीनचा आकार, इंच नव्हे, आकार. लांबट १६:१० चा टॅब उभा धरला की पान मध्ये आणि वर-खाली रिकाम्या पट्ट्या. ३:२ किंवा ४:३ असेल तर ए४ त्यात बरंच नीट बसतं. ए४ कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४.३ इंच भरतो, म्हणजे ११ इंची टॅबवर पान साधारण पाऊण आकाराचं दिसणार, बारा पॉइंटचा मजकूर नऊसारखा. चाळिशीनंतर हा फरक कळतो.

दुसरं पेन. खरं पेन, ज्याला टॅब ओळखतो आणि तुमचा तळहात टेकला तरी दुर्लक्ष करतो. रबरी टोकाच्या शंभर-दोनशेच्या काड्या मिळतात, त्या बोटाचंच काम करतात, त्याने प्रुफं तपासायला गेलात तर काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे. सॅमसंगच्या एस मालिकेत पेन बॉक्समध्येच येतं, अॅपलचं वेगळं घ्यावं लागतं आणि कुठलं पेन कुठल्या आयपॅडला चालतं याचा एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

चिकटणाऱ्या कीबोर्डच्या विरोधात माझी खरी तक्रार म्हणजे तो पुढच्या टॅबला लागत नाही. २०२४ च्या एम४ आयपॅड प्रोचा मॅजिक कीबोर्ड आधीच्या प्रोला बसत नाही, आणि आधीचा याला नाही. सरफेस प्रो ७ चा कीबोर्ड ८ ला बसत नाही. महागडी वस्तू घ्यायची, टॅबबरोबर सती जायची. वजनाचंही बघा, २०२० चा १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून १.३५ किलोच्या आसपास जातात, त्याच साली आलेला मॅकबुक एअर १.२९. म्हणजे हलकं पाहिजे म्हणून टॅब घेतला आणि लॅपटॉपपेक्षा जड झाला!

साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, हजार-दीड हजाराचा. त्याला चार्जिंग किंवा सेल लागतात, कधी जोडणी तुटते, सगळं मान्य. पण टॅब बदलला तरी तो राहतो. आणि तो टॅबला बांधलेला नसतो, हे मांडीवाल्यांना फार कामाचं आहे. टॅब समोर बॅगेवर उभा, कीबोर्ड मांडीवर. मान वर राहते.

---

घाटपायथा

बोरू +१. आणि ताई, काही घेण्याआधी भाच्याचा टॅब आठवडाभर ढापा. आपण इथे कितीही बोललो तरी तुम्ही तिथे जाऊन नेमकं काय करता ते तुम्हालाच कळणार.

---

चलनभरणा

ढापताना त्याचं व्हॉट्सअॅप लॉगआउट करायला सांगा, नाहीतर भाच्याबद्दल नको ते कळेल. स्वानुभव.

---

कृष्णाकाठची

उशिरा लिहितेय, दोन फेऱ्या झाल्या मध्ये.

भाच्याचा टॅब ढापला (व्हॉट्सअॅप त्याने स्वतःच आधी काढलं, चेहरा बघण्यासारखा होता). त्याचा चिकटणारा कीबोर्ड होताच आणि बोरूंनी सांगितलं म्हणून एक साधा ब्लूटूथवाला आणला, ९०० रुपयांचा.

पहिली फेरी. रेल्वेत खिडकी मिळाली, चिकटणारा कीबोर्ड लावून मांडीवर ठेवला. जरंडेश्वरपर्यंत तीन वेळा मागे कलंडला, चौथ्यांदा शेजारच्या काकूंनी हाताने धरून ठेवला आणि म्हणाल्या लिही बाळ तू. किती वेळ धरणार बिचाऱ्या. बंद केला. तिथे पोचल्यावर त्या लोखंडी खुर्च्यांवर परत तेच. मग सॅक समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, तिला टेकून टॅब आणि ब्लूटूथ कीबोर्ड मांडीवर, ही बोरूंची युक्ती, ती मात्र खरंच जमली. मान दुखली नाही. समोरची खुर्ची रिकामी असेपर्यंत. अकरा वाजता गर्दी झाली, तिथे माणसं उभी आणि माझा टॅब बसलेला, लाज वाटली, उचलला.

टंकयंत्र ताई, तुमचं वाक्य टाइप केलं. वृक्षाचा क्ष तीन फटक्यांत आला, ज्ञानाचा ज्ञ पण. डोंगरदऱ्या आल्या. मी मुद्दाम मोजलं, एका पानात क्ष-ज्ञ-त्र-श्र मिळून सव्वीस. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, हात थबकतो.

दुसऱ्या फेरीला मी एक गोष्ट केली, वहीत लिहून ठेवलं की पाच तासांत काय काय केलं. संध्याकाळी बघितलं तर टायपिंग झालं होतं जेमतेम साडेतीनशे शब्द, घरी तेवढं मी पाऊण तासात करते. आणि वाचून झालं होतं ऐंशी पानं. मूळ पुस्तिका वाचली, अडलेल्या शब्दांवर खुणा केल्या, आधीच्या कामाची प्रुफं तपासली, सगळं बोटाने आणि भाच्याच्या पेनाने. मध्येच बाबांना आत न्यायचं, फाइल घेऊन खिडकीवर जायचं, गोळ्या आणायच्या, तिथे वाक्य जुळवायला मन लागतच नाही, वाचायला मात्र लागतं. कुठेही सोडावं, कुठूनही धरावं. म्हणजे मी इतके दिवस दोन किलोचं ओझं ज्या कामासाठी नेत होते ते काम मी तिथे करतच नव्हते.

बाबांचं पण सांगते, त्यांनी बाहेर यायला उशीर होता तेव्हा टॅब मागितला आणि पेपर वाचला, अक्षर मोठं करून. चष्मा विसरला होता.

तर ठरवलंय असं की टॅब घेतेय, पेन येतं तो, ४:३ च्या जवळचा आकार बघून, कीबोर्ड न घेता. साधारण ३० च्या आत बसेल असं दिसतंय. लॅपटॉप घरीच राहील, त्याची बॅटरी बदलून घेते. नवऱ्याचं म्हणणं की शेवटी लॅपटॉपवरच काम करणार ना, म्हणजे मी बरोबर होतो. भाच्याचं म्हणणं की शेवटी टॅबच घेतलास ना, म्हणजे मी बरोबर होतो.

---

टंकयंत्र

छान केलंत. लॅपटॉपची बॅटरी घेताना मागचा मॉडेल नंबर आणि जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर दोन्हींचे फोटो काढून न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगितलं की दुकानात भलतीच गळ्यात मारतात. आणि टॅबवर खुणा केलेली पीडीएफ लॅपटॉपवर उघडून बघा एकदा, काही अॅप खुणा स्वतःपुरत्याच ठेवतात, दुसरीकडे पान कोरं. आधी दोन पानांवर करून बघा, ऐंशीवर नको.

---

बोरू

हे महत्त्वाचं, मी एकदा अख्खं बाड गमावलंय असं. नुसतं सेव्ह करून थांबू नका, 'एक्स्पोर्ट' करा. आणि पेनाची सुटी टोकं आधीच मागवून ठेवा, काचेवर खडखडीत लिहिलं की सहा-आठ महिन्यांत झिजतात, माझं तरी झिजतं.

---

निवांत_नाना

सगळं ठीक. ९०० च्या कीबोर्डचं काय झालं?

---

कृष्णाकाठची

नाना, तो भाच्याने नेला. टॅबचं भाडं म्हणाला.